घरच्या सर्व्हरचे खण

सांगलीचें नांव हळदीच्या व्यापारामुळें सर्वतोमुखीं झालें आहे. परंतु त्या हळदीच्या साठवणीची जी एक जुनी युक्ति शेजारच्या हरिपुरांत होती, ती नव्या पिढीच्या फारशी परिचयाची राहिलेली नाहीं. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गांवीं जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद ठेवीत. पेवाचें तोंड लहान, पोट मोठें. तोंड बंद करून वर माती लोटली, कीं आंत हवा खेळत नसे आणि मालाला कीड लागत नसे. या व्यवस्थेंतील एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. साऱ्या गांवाची हळद एकाच अवाढव्य खड्ड्यांत ओतलेली नव्हती. पेवें अनेक होतीं, आणि प्रत्येकाच्या भोंवतीं त्याची त्याची माती होती. एका पेवांत ओल शिरली तर त्यांतला माल बिघडे, शेजारचा वांचे. परंतु २००५ सालीं कृष्णेला महापूर आला, तेव्हां अनेक पेवांत एकदमच पाणी शिरलें. ओलीला अडवणारी भिंत पुराला अडवूं शकली नाहीं.

ओल आणि पूर हीं दोन संकटें निराळीं, आणि त्यांचे उपायहि निराळे. संगणकाच्या डिस्कचे खण कसे पाडावेत हा वरवर रुक्ष दिसणारा विषय या एका भेदाच्या आधारानें पुष्कळच सुगम होतो.

घरोघर आतां एक निराळेंच कोठार भरूं लागलें आहे. लग्नामुंजींचीं छायाचित्रें, आजोबांच्या आवाजाचीं ध्वनिमुद्रणें, जमिनीचे उतारे, मुलांचीं प्रमाणपत्रें, घरखर्चाचे हिशेब, हें सारें कागदावरून उतरून डिस्कवर जाऊन बसलें आहे. कित्येक गृहस्थ हा ठेवा दूरच्या कंपनीच्या स्वाधीन न करतां घरींच ठेवणें पसंत करतात. त्यासाठीं ते एखादा जुना संगणक कोपऱ्यांत अहोरात्र चालूं ठेवतात, आणि घरांतील सर्वांचे मोबाइल व संगणक त्याच्याशीं जोडतात. यालाच घरचा सर्व्हर म्हणावयाचें. त्यावर बहुधा लिनक्स ही प्रणाली असते. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा प्रसिद्ध केला. ती विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावरहि चालते, आणि तिचे जाणकार आतां लहान शहरांतूनहि भेटतात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयांत तर विद्यार्थ्यांचें स्वतंत्र लिनक्स मंडळ आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कुटुंब कल्पावें. थोरले बंधु साताऱ्यास शनिवार पेठेंत राहतात, धाकटे सांगलीस गांवभागांत. दोघांच्याहि घरीं एकेक सर्व्हर आहे. प्रत्येकांत दोन डिस्का आहेत: एक लहान पण जलद, २५० गिगाबाइटची, जिला एसएसडी म्हणतात, आणि दुसरी फिरत्या तबकड्यांची, ४ टेराबाइटची मोठी हार्डडिस्क. नवें सामान दारांत आलें आहे. आतां प्रश्न असा कीं, सगळें एकत्र ओतावें, कीं खण पाडावेत? आणि पाडले तर किती, केवढे व कशासाठीं?

प्रथम खण म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. डिस्क ही मुळांत लहान लहान घरांची एक लांबच लांब ओळ असते. परंपरेनें एका घरांत ५१२ बाइट मावतात. अलीकडच्या डिस्का आंतून ४०९६ बाइटांचें घर वापरतात. या घरांना शून्यापासून क्रमांक असतात. खण पाडणें, अर्थात् पार्टिशन करणें, म्हणजे या ओळींत खुणा करणें. अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत पहिला खण, त्यापुढें दुसरा, अशी नोंद डिस्कच्या आरंभीं एका तक्त्यांत केली जाते. शेतजमिनीचे गट आणि गांवच्या दप्तरांतील त्यांची नोंद यांचें जें नातें, तेंच खणांचें आणि या तक्त्याचें. नोंद पुसली म्हणून शेतांतली माती हलत नाहीं. पण कोणाचें शेत कोठें संपतें हें मग सांगतां येत नाहीं.

हा तक्ता लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनीला एमबीआर म्हणतात. ती १९८३ सालीं आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांबरोबर रूढ झाली. तींत मुख्य खण चारच मावतात. शिवाय घराचा क्रमांक लिहिण्यास बत्तीस द्विमान अंकांचीच जागा असल्यानें ४,२९,४९,६७,२९६ हून अधिक घरें मोजतां येत नाहींत. प्रत्येक घराचे ५१२ बाइट धरले तर ही मर्यादा सुमारें २ लक्ष २० हजार कोटि बाइट होते. ४ टेराबाइटची डिस्क म्हणजे ४ लक्ष कोटि बाइट. तेव्हां जुन्या पद्धतीनें ती मांडली तर जवळजवळ निम्मी जागा पडीत राहते. म्हणून जीपीटी ही नवी पद्धत स्वीकारावी. तींत सामान्यतः १२८ खणांची सोय असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं ठेवलेली असते. आरंभींची प्रत बिघडली तर शेवटची कामास येते.

येथें एक गैरसमज दूर करावा. ४ टेराबाइटची डिस्क आणली आणि यंत्रानें ३.६ एवढाच आंकडा दाखविला, तर दुकानदाराला बोल लावूं नये. दुकानदार हजाराच्या पटीनें मोजतो आणि यंत्र १०२४ च्या पटीनें. माप निराळें, माल तेवढाच.

खण पाडला म्हणजे त्यांत लगेच सामान ठेवतां येतें असेंहि नाहीं. कोणती फाइल कोणत्या घरांत आहे याची वहीखात्याची पद्धत त्या खणांत अगोदर मांडावी लागते. तिला फाइल प्रणाली म्हणतात. लिनक्सवर एक्स्ट४ ही प्रणाली फार प्रचलित आहे. २००८ सालीं ती लिनक्सच्या गाभ्यांत स्थिर झाली. व्यापारी जसा व्यवहार आधीं रोजकीर्दींत टिपून मग खतावणींत नेतो, तशी ही प्रणाली वहींतील प्रत्येक फेरफार आधीं एका रोजकीर्दींत लिहिते. पावसाळ्यांत मध्येंच वीज गेली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांना ती रोजकीर्द वाचून वही जुळवून घेते. मात्र वीज गेली त्या क्षणीं जी फाइल लिहिली जात होती ती अपुरी राहूं शकते. म्हणून सर्व्हरला बॅटरीचा आधार द्यावाच.

विंडोजवर प्रत्येक खणाला सी, डी असें स्वतंत्र अक्षर मिळतें. लिनक्सची रीत निराळी आहे. तेथें सगळें मिळून एकच झाड असतें. त्याच्या मुळाला रूट म्हणतात आणि तें केवळ एका तिरप्या रेघेनें, / असें दाखवितात. त्यावर होम, व्हार, सर्व्ह अशा फांद्या असतात. आणि कोणताहि खण यांपैकीं एखाद्या फांदीवर जोडतां येतो. या जोडण्याला माउंट करणें म्हणतात. घरांतील माणसाला फांदी दिसते. तिच्यामागें कोणती डिस्क व कोणता खण आहे हें त्यानें जाणण्याचें कारण नसतें.

“दादा, चार माणसांचें आमचें घर. एवढे खण कशाला? सगळी जागा एकच ठेवली तर ज्याला जेवढी लागेल तेवढी तो घेईल,” असें धाकट्या बंधूंनीं विचारलें तर त्यांत गैर कांहींच नाहीं. जागा एकत्र ठेवण्यांत सोय आहे, हें खरेंच. परंतु सर्व्हरवर चालणारा प्रत्येक कार्यक्रम आपली दैनंदिनी लिहीत असतो, आणि ती व्हार या फांदींत सांठत असते. एखादा कार्यक्रम बिघडला, कीं तो एकच तक्रार सेकंदास शेकडों वेळां लिहूं लागतो. रात्र उलटते तों ती दैनंदिनी कित्येक गिगाबाइट गिळून बसते. जागा एकच असेल तर सकाळीं सारी डिस्क भरलेली आढळते: छायाचित्रें चढत नाहींत, हिशेबाची वही उघडत नाहीं, प्रणालीला स्वतःच्या कामापुरतीहि जागा उरत नाहीं. व्हारला स्वतंत्र खण असेल, तर भरतो तो तेवढाच खण. त्यांतलीं कामें अडतील. पण रूटला श्वास घेण्यास जागा राहते, मालकाला आंत शिरून केर काढतां येतो, आणि छायाचित्रांचा खण तर या साऱ्यापासून अलिप्तच असतो. बिघाड टळला असें नव्हे. तो आपल्या खणांत कोंडला गेला. पेवाची माती ओलीला अडवीत असे, ती याच रीतीनें.

आतां खणांचे आंकडे पाहूं गेल्यास लहान डिस्कवर पुढील वाटणी घरगुती कामास पुरेशी होते. यंत्र सुरू होतांना लागणाऱ्या फाइलींचा एक खण, १ गिगाबाइटचा. त्याला ईएफआय खण म्हणतात आणि त्याची फाइल प्रणाली फॅट३२ ठेवावी लागते. रूटसाठीं ४० गिगाबाइट. व्हारसाठीं ६०. स्मृति कमी पडली असतां तात्पुरती सोय म्हणून स्वॅपचा खण, ८ गिगाबाइटचा. ही बेरीज १०९ होते. उरलेले सव्वाशेंहून अधिक गिगाबाइट कोणाच्याहि नांवें न लिहितां मोकळे ठेवावेत.

ही मोकळी जागा अनेकांना अपव्यय वाटते. परंतु वाढवणें सोपें आणि आटवणें अवघड, हा या विद्येंतला पक्का नियम आहे. एक्स्ट४ चा खण चालूं कामांतहि मोठा करतां येतो. लहान करावयाचा तर तो आधीं झाडावरून उतरवावा लागतो. एक्सएफएस नांवाची दुसरी चांगली प्रणाली आहे, ती तर वाढते, पण व्यवहारांत लहान करतांच येत नाहीं. म्हणून आरंभीं बेताचें द्यावें आणि शिल्लक हातीं राखावी.

शिल्लक वाटण्याची उत्तम सोय एलव्हीएम या व्यवस्थेनें केली आहे. साध्या खणांत अडचण अशी असते, कीं मोकळी जागा शेजारींच नसेल तर खण वाढवतां येत नाहीं. मध्यें दुसऱ्याचा गट आला कीं वाट बंद. एलव्हीएममध्यें ईएफआय सोडून उरलेल्या डिस्कचा एकच मोठा खण करून तो एका सामाईक सांठ्यांत घालतात, आणि त्या सांठ्यांतून रूट, व्हार वगैरेंना हवे तेवढे तुकडे देतात. देतांना जागा सलग असण्याची अट राहत नाहीं. लहान व मोठ्या डिस्कचे सांठे मात्र वेगवेगळे ठेवावेत. दोन डिस्का एका सांठ्यांत घातल्या आणि एखादा खण दोहोंवर पसरला, तर एक डिस्क निकामी होतांच तो सबंध खण जातो.

मोठ्या डिस्कवर कुटुंबाच्या ठेव्यासाठीं २ टेराबाइटचा एक खण करून तो सर्व्ह या फांदीवर जोडावा. येथें एक लहानशी काटकसर करतां येते. एक्स्ट४ प्रणाली शेंकडा ५ जागा मुख्य व्यवस्थापकासाठीं राखून ठेवते, जेणेंकरून डिस्क भरली तरी त्याला काम करतां यावें. रूटच्या खणांत ही राखीव जागा अगत्याची आहे. परंतु २ टेराबाइटच्या खणांत तीच १०० गिगाबाइट होते. तेथें ती शेंकडा १ वर आणली तरी चालतें.

खण पाडण्याच्या कामांत दोन प्रमाद फार महाग पडतात. पहिला, चुकीची डिस्क पुसण्याचा. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशीं नांवें देतें. पण तीं यंत्र सुरू होतांना दिलेलीं असतात, आणि आजची एसडीए उद्यां एसडीबी होऊं शकते. म्हणून नांवावर विसंबूं नये. एलएसबीएलके हा हुकूम देऊन डिस्कचा आकार आणि अनुक्रमांक पाहावा, तो डिस्कवरील चिठ्ठीशीं ताडावा, आणि शक्य तर ठेव्याची डिस्क त्या वेळेपुरती वायर काढून बाजूस ठेवावी. कोणता खण कोठें जोडावयाचा याची यादी एफएसटॅब या फाइलींत असते. तींतहि एसडीए न लिहितां खणाचा कायमचा ओळखक्रमांक, यूयूआयडी, लिहावा. शेवटीं एसएफडिस्कच्या साह्यानें तक्त्याची नक्कल काढून ती कागदावर छापून ठेवावी. तक्ता चुकून पुसला गेला आणि त्यावर नवें कांहीं लिहिलें गेलें नसेल, तर त्याच आंकड्यांनीं तो पुन्हां मांडून पुष्कळदां सर्व कांहीं जागच्या जागीं सांपडतें.

दुसरा प्रमाद अधिक फसवा आहे. खण ज्या फांदीवर जोडावयाचा ती फांदी मुळांत रूटवरचें एक रिकामें फोल्डर असतें. एखाद्या दिवशीं वायर सैल झाल्यानें मोठी डिस्क जोडलीच गेली नाहीं, तर तें रिकामें फोल्डर तसेंच उघडें राहतें. रात्रीं नकला करणारा कार्यक्रम कांहीं विचारीत नाहीं. तो त्या फोल्डरांतच माल ओतूं लागतो. रूट भरतें, आणि नक्कल झाली असा समज मात्र कायम राहतो. यावर उपाय सोपा आहे. नक्कल सुरू करण्यापूर्वीं फांदीवर खण खरोखर जोडलेला आहे ना, हें फाइंडमाउंट या हुकुमानें तपासावें, नसल्यास कामच थांबावें, अशी अट कार्यक्रमांत घालून ठेवावी.

एवढें सगळें यथास्थित केलें म्हणजे ओलीचा बंदोबस्त झाला. पुराचें काय?

सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी मोजतात. १९२९ सालीं खुला झालेल्या या पुलापाशीं ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका मानतात. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें. २०२१ च्या जुलैंतहि तें ५० फुटांच्या वर होतें. अशा वेळीं गांवभागांतल्या तळमजल्यावरील सर्व्हरचे खण चार असोत कीं चाळीस, पाण्याला त्यांची पर्वा नसते. एकाच यंत्रांत दोन डिस्का ठेवून दोहोंवर तेंच लिहिण्याची जी आरसा-पद्धत आहे, तिचाहि येथें उपयोग नाहीं. एक डिस्क झिजून बंद पडली तर दुसरी कामास येते, हें खरें. पण पाण्यांत दोन्ही एकदमच बुडतात. शिवाय चुकून पुसलेली फाइल आरशांतहि त्याच क्षणीं पुसली जाते.

पुरावर उपाय एकच: दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं. सांगलीच्या ठेव्याची प्रत साताऱ्यास असावी आणि साताऱ्याची सांगलीस. कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला, कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेऊन मग सांगलीस पोंचते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचें सातारा शहर त्या पुराच्या वाटेंत नाहीं. दोन्ही गांवांत सव्वाशें किलोमीटरचें अंतर आहे. एकच वीज, एकच चोरी किंवा एकच आग दोन्ही घरांस लागावी हें जवळजवळ अशक्य.

आणि येथेंच खणांचें खरें महत्त्व पुन्हां प्रत्ययास येतें. धाकट्यांच्या घरीं छायाचित्रणाची हौस मोठी. त्यांचा ठेवा महिन्यामहिन्याला फुगत जाणार. तो थोरल्यांच्या खणांत ठेवला, तर एके दिवशीं पाहुण्याच्या सामानानें यजमानाचीच जागा व्यापून जाईल, आणि मग सख्ख्या भावांतहि शब्दाला शब्द वाढेल. म्हणून प्रत्येकानें आपल्या मोठ्या डिस्कवर दुसऱ्यासाठीं १ टेराबाइटचा स्वतंत्र खण करावा. तो भरला तर पाहुण्याची नक्कल थांबेल आणि त्याला तशी सूचना जाईल. यजमानाचें कांहीं अडणार नाहीं. हवें तर उरलेल्या टेराबाइटभर मोकळ्या जागेंतून तो वाढवितांहि येईल. त्या खणांत जाणारा माल धाडतांनाच कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपींत करावा. किल्ली धाडणाऱ्यापाशीं, आणि तिची एक प्रत पाकिटांत बंद करून तिसऱ्या सुरक्षित जागीं. किल्ली केवळ बुडणाऱ्या यंत्रावरच राहिली, तर वांचलेली प्रत असून नसल्यासारखी.

पहिली प्रत इंटरनेटवरून धाडण्याचा हट्ट धरूं नये. घरच्या जोडणीचा बाहेर जाणारा वेग सेकंदास २० मेगाबिट धरला, तर १ टेराबाइट जाण्यास ४ लक्ष सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागतो. त्यापेक्षां नक्कल एका डिस्कवर उतरवून ती पिशवींत घालून एस.टी.नें न्यावी. पुढें रोज रात्रीं आरसिंकसारखा कार्यक्रम केवळ बदललेला भाग पाठवितो. त्याला थोडकाच वेळ पुरतो. मात्र नव्या प्रतीनें जुनी लगेच पुसूं नये. मागच्या कांहीं दिवसांच्या व महिन्यांच्या तारीखवार प्रती राखाव्यात, कारण एखादी फाइल पुसली गेल्याचें घरांत पुष्कळदां पंधरा दिवसांनीं उमगतें.

एक शेवटची गोष्ट राहिली. जी प्रत कधीं परत आणून पाहिली नाहीं, तिच्यावर भरंवसा ठेवण्यांत अर्थ नाहीं. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं घराची कौलें चाळण्याची आपल्याकडे रीत होती. त्याच सुमारास धाकट्या बंधूंनीं एका रविवारीं साताऱ्यास जावें, आपल्या नांवाचा खण उघडावा, आणि त्यांतून आजोबांचें एखादें ध्वनिमुद्रण काढून तें शेवटपर्यंत वाजवून पाहावें. आवाज नीट ऐकूं आला, म्हणजे खण, किल्ली आणि प्रत या तिन्हींची परीक्षा एकदमच झाली. मग सांगलीस परत येऊन सर्व्हर तळमजल्यावरून उचलून माडीवर ठेवावा. तेवढें काम मात्र कोणत्याहि पार्टिशनानें होण्यासारखें नाहीं.